तार तुटनी, देवा, तार

मी शिंदखेड्याकडची, ताई, धुळे जिल्हा. गावाचं नाव लिहू नका, तिथले लोक आधीच माझ्याविषयी खूप बोलू राहिले, त्यांच्या हातात अजून कागद कशाला देऊ. नाव माझं शोभा. शोभा सुकलाल बोरसे. बघा, नवऱ्याचं नाव कसं फाडकन घेतलं. पहिले नव्हते घेत, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, मग पोलिसांनी घ्यायला लावलं आणि तेव्हापासून घेऊच राहिले, या खिडकीवर सांग, त्या खिडकीवर सांग. तुम्हाला मार्थाबाईंनी पाठवलं, गीत जिनं केलं त्या बाईला भेटून या म्हणाल्या, तं मी सांगते, पण गीताचं सांगायचं म्हणजे माणसाचंच सांगावं लागेल, दुसरं त्याच्यात काही नाही.

बाप माझा दोंडाईच्याच्या मिरची बाजारात हमाल होता. संध्याकाळी तो दारात आला की घरातले सगळे शिंकायला लागायचे, मांजर पण शिंकायचं. माय कानबाईच्या, आमच्या खान्देशातल्या देवीच्या, गाण्यांत पुढे असायची. श्रावणात कानबाई बसली की गावातल्या बाया तिला बोलवायला यायच्या, कारण तिला नवं कडवं जोडता यायचं, समोर जी बाई बसली तिचंच काहीतरी घालून गाणं पुढे न्यायची, आणि बाया हसून हसून लोळायच्या. मला तेवढं तिचं आलं बघा. शाळा चौथीपर्यंत. वाचता येतं, लिहायला लागलं की हात दुखतो.

लग्न झालं आणि सुरतेला आले. नवागामला खोली, अजून तीच आहे, तुम्ही बसल्या ती. ज्योती माझी पोरगी, तिचे पप्पा बमरोलीला सांच्यावर होते, सांचा म्हणजे कापडाचा लूम, आणि लूमच्या कारखान्याला इथे सगळे खातं म्हणतात, तुम्ही बँकेचं खातं समजू नका. एका माणसाकडे बारा सांचे. काय सांगू तुम्हाला, पहिल्यांदा मी डबा द्यायला गेले तं मला वाटलं छप्परच खाली येऊ राहिलं. तिथे कोणी तोंडानं बोलत नाही, हातानं बोलतात, बोटं अशी केली की पाणी, अशी केली की मालक आला. घरी पण तसंच. कान गेलेले होते त्यांचे निम्मे, म्हणून एक तं ओरडून बोलायचे नाही तं बोलायचेच नाही. भांडण करायला मजा यायची नाही असल्या माणसाशी, मी एकटीच भांडायची आणि एकटीच थकायची.

सांच्यावर सगळा खेळ तारेचा. तार म्हणजे धागा, आपली विजेची तार नाही. तार तुटली की सांचा थांबवायचा, दोन टोकं शोधायची, चिमटीत धरून गाठ मारायची आणि परत चालू. थांबवला नाही तं कापडात चीर जाते. दिवसभर हेच, तार तुटली, तार सांध, तार तुटली, तार सांध. मग घरी आल्यावर पण त्यांच्या तोंडात तोच शब्द. ज्योती लहानपणी तापानं फणफणली तेव्हा दवाखान्यात डॉक्टरला म्हणे, साहेब, तार तुटायला नको. डॉक्टर माझ्याकडे बघे. मी म्हटलं, पोरगी वाचली पाहिजे असं म्हणू राहिले हो ते.

मी बॉबीन, म्हणजे धाग्याची रिळं, भरायला जायची, या गल्लीच्या तोंडाशीच. खाली आमची बॉबीनची मशिनं आणि वरच्या मजल्यावर हॉल, त्या हॉलमध्ये रविवारी ख्रिस्ती लोकांची उपासना व्हायची. मेथडिस्ट मंडळी म्हणतात ते स्वतःला. मला तेव्हा मेथडिस्टही माहीत नाही आणि काहीच माहीत नाही, मला एवढंच कळे की रविवारी सकाळी वरून पेटी वाजते आणि बाया चांगल्या गळ्यानं गातात. गाण्यात सारखं तारणारा, तारणारा. मला काय वाटलं सांगू का? मला वाटलं हे लोक आमच्याच लाइनीतले. तारणारा म्हणजे तार सांधणारा. झाडूवाला झाडणारा, तसा हा तारणारा. मी चार-पाच महिने तसंच समजत होते आणि मनात म्हणत होते की बरं झालं बाई, कोणाचा तरी देव सांच्यावर होता, त्याला तरी माहीत असेल बारा तास उभं राहणं काय असतं.

एकदा मार्थाबाई जिन्यात भेटल्या. मूळच्या नगरकडच्या, इथल्या मराठी शाळेत बाई होत्या, आता रिटायर झाल्या, नवरा वारलेला. मी सरळ विचारलं, बाई, तुमचा देव कोणत्या खात्यात होता? त्यांना कळेना. मी म्हटलं, तुम्ही गाता ना, तारणारा, तारणारा. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या जिन्यातच बसल्या, पदर तोंडाला लावून एवढ्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाल्या, नाही हो शोभाबाई, तो सांच्यावर नव्हता, तो सुतार होता. मी म्हटलं, मग बरोबरच आहे, सुताराच्या शेवटी पण तारच आहे. तेव्हा त्यांनी सांगितलं की तारणं म्हणजे बुडणाऱ्याला धरून काठावर आणणं. मी म्हटलं, असं होय. पण खरं सांगू, माझ्या डोक्यातून तो धागेवाला काही गेला नाही.

त्यांनी मला कधी म्हटलं नाही की तू ख्रिस्ती हो, आणि मी झाले पण नाही, माझी कानबाई तिथे आहे बघा फळीवर. लोक विचारतात म्हणून सांगितलं. मी रविवारी काम उरकलं की वर जाऊन मागे बसायची, गाणं ऐकायला. ज्योतीच्या पप्पांना सांगितलं तं म्हणे, जा, गाणं ऐकायचा कोणाला कर आहे का. त्यांना तं ऐकूही यायचं नाही.

आता त्या दिवसाचं. श्रावण होता, कानबाईच्या रोटाला, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या सणाला, दोन दिवस राहिले होते, गहू धुवून वाळत टाकायचे होते आणि ऊनच नाही. चार दिवस सारखी झड लागलेली, आणि त्या दिवशी वारा पण सुटला, पत्रे उडू राहिले. मी म्हटलं, आज नका जाऊ. ते म्हणे, बीम चढवलेलं आहे, जावं लागेल. बीम म्हणजे सांच्यावरचा तारांचा मोठा रूळ. चप्पल घातली आणि म्हणाले, मी येस. आमच्यात जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात, तुम्हाला माहीतच आहे. मी येस म्हणाले आणि गेले.

अकराच्या आसपास खाडीचं पाणी गल्लीत आलं. पहिले घोट्याला, मग गुडघ्याला, मी पिठाचा डबा वर ठेवते न ठेवते तं कमरेला. फोन आला त्यांचा. खात्यात पाणी शिरलं, लाइट बंद केली, मालकानं सगळ्यांना सोडलं, आम्ही तिघं मिळून निघू राहिलो, असं म्हणे. मी ओरडून म्हटलं, तिथेच थांबा, उंच जागी थांबा. त्यांना ऐकू आलं नाही. ते आपलं एकच, तू ज्योतीले लिसन वर जा, तिला घेऊन वर जा. मग फोन कट झाला आणि परत लागला नाही.

मार्थाबाईंनी हॉल उघडून दिला. गल्लीतल्या सगळ्या बाया-पोरं वर, आमच्या खान्देशातल्या, दोन ओडिशाच्या, एक यूपीची बाळंतीण. सगळ्यांचे पुरुष कामावर, कोणी पांडेसऱ्याला, कोणी कडोदऱ्याला, कोणाचा पत्ता नाही. फोन एकेक करून बंद पडले. खिडकीतून बघितलं तं गल्लीतून गॅसची टाकी वाहत चालली, कोणाचं कपाट चाललं. वाऱ्यानं खिडकीची काच फुटली. बाया रडायला लागल्या, एकीचं बघून दुसरी, मग पोरं. मला रडू येईना. मी भिंतीला पाठ लावून बसले होते, ज्योतीला मांडीत घेतलं होतं, तेरा वर्षांची पोरगी पण घेतलं, आणि माझ्या तोंडातून आपोआप निघायला लागलं, तार तुटनी, देवा, तार. तार तुटनी, देवा, तार. पहिली तार धाग्याची, आणि दुसरी मार्थाबाईंची, वाचव म्हणायची. जिन्यात शिकले होते ना ती. मी काही गीत करायला बसले नव्हते, ताई. दात दुखला की माणूस कण्हतो तसं ते होतं.

पण दिवसभर म्हणत राहिलं की त्याला चाल येते, आणि मायचं रक्त आहे, पुढची ओळ आपोआप येऊन लागली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या बाया माझ्यामागे म्हणू राहिल्या होत्या, ओडिशावाल्या पण, त्यांना एक शब्द कळत नव्हता तरी. ते असं आहे,

तार तुटनी, देवा, तार,
पानीले नही आते पार,
तुना हातमा मना संसार,
तूच सांध, नी तूच तार.

वावधन उनं चारीमेर,
डोयासले दिसे नही वाट,
तू बी मना सोडू नको,
मी नही सोडस तुना हात.

वावधन म्हणजे वादळ, उनं म्हणजे आलं. मार्थाबाईंनी हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं, पेनसुद्धा ओलं होतं म्हणे, शाई फुटली. माझ्या मनात तेव्हा खरंच होतं, खोटं नाही सांगत. मी म्हणत होते आणि मला वाटत होतं की कोणीतरी ऐकू राहिलं. कानबाई की मार्थाबाईंचा तो सुतार, मी नाव घेतलं नव्हतं, देवा एवढंच म्हटलं होतं. पण भरवसा पुरा होता. आपलं माणूस येणार, असं पोटातून वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. चिखल एवढा की दारं उघडेनात. आणि पुरुष यायला लागले. एकेकाचं नाव घेऊन बाया जिन्यावरून ओरडायच्या, आला, आला, आणि पळायच्या. यूपीच्या बाळंतिणीचा नवरा आला, तो भिवंडीला पळाला असं सगळे समजत होते, तो पण आला. त्या बाया येऊन माझ्या पाया पडल्या, शोभाबाई, तुमच्या गाण्यानं आणले. कोणी माझ्या तोंडात साखर घातली. मी जिन्यात उभी होते साखर तोंडात घेऊन, माझं अजून यायचं होतं.

सगळ्यांचे आले, ताई. माझ्या एकटीचा आला नाही.

बरोबरचे दोघं संध्याकाळी आले. माझ्यासमोर खाली मान घालून बसले. म्हणे, वहिनी, आम्ही तिघं हात धरून चालत होतो, खाडीच्या बाजूला पाण्याला ओढ होती, मध्ये सुकलाल होता. मग काहीतरी तरंगत येऊन पायात अडकलं, हात सुटला, मागे बघितलं तं सुकलाल नव्हता. आम्ही हाका मारल्या. मी म्हटलं, हाका काय मारता, त्याला ऐकू येतं का. खूप बोलले मी त्यांना, नको तेवढं बोलले. तुमचे हात शाबूत आहेत म्हटलं, गाठ मारता येते एवढीशी, आणि माणूस धरता आला नाही. ते दोघं ऐकून घेत होते. त्यांचा काय दोष, आता कळतं. त्यातला एक अजून दिवाळीला ज्योतीला कपडे आणतो.

मग शोधणं. किती सांगू. फोटो घेऊन दवाखान्यांत गेले, खाडीच्या काठाकाठानं गेले, चिखलात चप्पल गेली तं तशीच अनवाणी गेले. दोनदा मला बोलवलं, चादर उचलून दाखवलं. दोन्ही वेळा मी पहिले बोटं बघितली. सांचेवाल्याच्या बोटांना तारेच्या रेघा पडलेल्या असतात, अंगठ्याला आणि या बोटाला. रेघा नव्हत्या. मी म्हटलं, हे नाहीत आमचे, आणि बाहेर येऊन ओकले, आणि ओकता ओकता मला आनंद झाला होता. दुसऱ्याचा नवरा मेला आणि मला आनंद झाला, हे पण लिहा. पोलीस म्हणे, हरवल्याची नोंद केली आहे, माणूस मिळाला नाही तं सात वर्षं थांबावं लागतं, मग कोर्ट त्याला गेला म्हणून मानतं. तीन गेली.

आणि गीत मात्र गावभर झालं. मार्थाबाईंनी रविवारी गायला घेतलं, पेटीवर बसवलं, मग उधन्याला गेलं, कडोदऱ्याला त्यांच्या दुसऱ्या मंडळीत गेलं, पाळकसाहेब म्हणे, आपल्याकडे वादळाची गाणी पुष्कळ आहेत, त्यांच्यात होडी आहे, समुद्र आहे, पण हे आपल्या लोकांचं आहे. लोक डोळे मिटून गातात. एक बाई मला म्हणाली, माझं ऑपरेशन होतं, तुमचं गीत म्हणत आत गेले, केवढा विश्वास तुमचा. मी तिला काय सांगू? मी ते म्हणत नाही. तीन वर्षांत एकदा म्हटलेलं नाही. पहिलं कडवं कानावर पडलं तं पडू देते, दुसऱ्याला उठून जिन्यात जाते. मी नही सोडस तुना हात, हे मी इथे वर बसून म्हणत होते ना, त्याच्या आदल्या दिवशीच खाडीवर हात सुटलेला होता. मी देवाला एक दिवस उशिरा सांगितलं, की त्यानं ऐकलंच नाही, की त्याचे पण कान सांच्यावर गेलेले आहेत? मार्थाबाईंना मी असं विचारलं. दुसरी असती तं रागावली असती. त्या म्हणाल्या, मला माहीत नाही शोभाबाई, मी पण विचारते. माझ्या बाजूला जिन्यात बसल्या. उपासना अर्धी सोडून बसल्या.

गावाकडून वेगळाच त्रास. माझे जेठ, नवऱ्याचे थोरले भाऊ, ते पहिल्या वर्षापासून मागे लागलेले की क्रिया करून टाकू. पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, दहावं करतात आणि मग गंधमुक्त. म्हणजे तेराव्याचं, आमच्यात गंधमुक्त म्हणतात. जेठ वाईट माणूस नाही. सासू म्हातारी झाली, ती त्यांच्याकडे असते, तिला दिसत नाही, ती रोज म्हणते की मना सुकलाल पानी मांगी ऱ्हायना, त्याला पाणी द्या कोणीतरी. मी म्हटलं, जिवंत माणसाला कसा अग्नी द्यायचा? जेठ म्हणे, शोभा, तीन वरीस व्हयनात. मी म्हटलं, होऊ द्या. मी कुंकू पुसणार नाही. फोन ठेवला. गावात माझं नाव झालं की सुरतेला राहून बाई बिघडली, नवरा गेला तरी टिकली लावून फिरते.

मग या उन्हाळ्यात मंडळीनं गीतांचं छोटं पुस्तक छापायला काढलं. मार्थाबाई वही घेऊन इथेच बसल्या, तुम्ही बसल्या तिथेच. म्हणाल्या, खाली तुमचं नाव घालायचं आहे. मी म्हटलं, घाला. त्या पेन धरून थांबल्या. म्हणाल्या, शोभाबाई, नावाआधी काय लिहू? मला पहिले कळलंच नाही. मग कळलं. सौभाग्यवतीचं सौ. की श्रीमती. आपल्या मराठीत नवरा गेलेल्या बाईला श्रीमती लावतात ना, मार्थाबाईंच्या स्वतःच्या नावाआधी तेच आहे. तीन वर्षं मला पोलिसांनी विचारलं, जेठनं विचारलं, पण असं एका शब्दात सांग म्हणून कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, सौ. लिहा.

ज्योती ओट्याजवळ भाजी चिरू राहिली होती. सोळा वर्षांची झाली, गुजराती शाळेत जाते, माझ्याशी अर्धं गुजरातीच बोलते. ती चाकू ठेवून वळली आणि शांतपणे म्हणाली, मम्मी, पप्पा हवे नथी आववाना. पप्पा आता नाही येणार. मी तिच्या थोबाडीत मारली, ताई. मार्थाबाईंच्या समोर. जन्मात कधी हात लावला नव्हता. ती रडली नाही, गाल धरून म्हणाली, तू मला रडू देत नाहीस. तीन वर्षं झाली, शाळेत कोणी विचारलं तं मी काय सांगू, आहेत म्हणू की नाहीत म्हणू? तू रोज त्यांचा डबा घासून ठेवतेस, मला बघवत नाही. मार्थाबाई वही मिटून बसल्या. मीच परत म्हटलं, सौ. लिहा, आणि त्यांनी लिहिलं.

पुस्तक छापून आलं आणि रविवारी वाटलं गेलं. मी माझं पान काढलं, बोट लावून वाचलं, आणि खाली बघते तं श्रीमती शोभा सुकलाल बोरसे.

काय सांगू तुम्हाला काय झालं मला. मला वाटलं, पोलिसांनी नाही मारला, जेठनं नाही मारला, या छापखान्यानं मारला. मी मार्थाबाईंच्या अंगावर धावून गेले. त्यांचा चेहरा पांढराफटक, त्यांनी वही दाखवली, त्यांच्या अक्षरात सौ. स्पष्ट लिहिलेलं. तशाच आम्ही दोघी रिक्षा करून छापखान्यात गेलो. गुजराती काका, कपाळाला टिळा, भला माणूस. म्हणे, बेन, खाली सौ. सारुं नथी लागतुं, एटले में मानथी श्रीमती कर्युं. नुसतं सौ. बरं दिसत नाही, म्हणून मानानं केलं म्हणे. मार्थाबाईंनी त्यांना सांगितलं की आमच्यात श्रीमती म्हणजे विधवा. काका उठून उभेच राहिले. दोन्ही हात जोडले. म्हणे, अरे बेन, अमारामां तो श्रीमती एटले जेनो धणी हयात होय ए, म्हणजे जिचा नवरा जिवंत आहे ती. विधवा होय तं आम्ही गं. स्व. लिहितो, गंगास्वरूप. मी तं तुम्हाला सवाशीण म्हणून लिहिलं. त्या माणसाचे डोळे भरून आले. मला त्याच्यावर रागावता पण येईना. म्हणे, पट्ट्या छापून देतो, चिकटवा.

पण पुस्तकं घरोघर गेलेली होती. आणि ज्योतीनं त्या पानाचा फोटो काढून गावाला पाठवला होता, जेठच्या पोरीला. आईचं नाव छापून आलं म्हणून आनंदानं पाठवला, की श्रीमती मराठीत काय होतं ते बघून मुद्दाम पाठवला, मी विचारलं नाही.

दोन दिवसांनी जेठचा फोन. आवाज एकदम नरम. शोभा, तूच छापं ना, म्हणे. बरं करं. आते मायना जीव अडकेल शे, क्रिया उरकी लेऊत. मी सांगायला तोंड उघडलं की नाही हो भाऊजी, ही छापखान्याची चूक आहे, गुजरातीत त्याचा अर्थ वेगळा होतो. आणि ज्योती समोर उभी होती. ती माझ्याकडे बघू राहिली होती, हात असे छातीशी धरून, जसं काही मी तिचा परीक्षेचा निकाल वाचणार. मला सांगताच आलं नाही. मी फोन तिच्या हातात दिला. ती म्हणाली, मोठे पप्पा, मी येते. एवढंच म्हणाली आणि मग अशी रडली, ताई, अशी रडली की शेजारच्या बाया आल्या. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. मी नाही रडले. ते गेले असं मला कोणी सांगितलेलं नाही अजून.

आज सकाळी तिला उधन्याहून गाडीत बसवून आले. म्हणून तर खोली अशी रिकामी दिसते. तो सांच्यावरचा, दिवाळीला कपडे आणतो तो, तोच सोबत गेला. परवा पुतळ्याला अग्नी देतील, ज्योतीच देणार, जेठ म्हणे दुसरं कोण आहे. गाडी हलायच्या आधी तिनं खिडकीतून माझा हात धरला, मम्मी, तू पण चल ना. मी म्हटलं, नाही बेटा. तू जा. तुझा बाप गेला, त्याचं तू नीट कर, काही कमी पडू देऊ नको, आजीला जवळ घेऊन बस. माझा नवरा अजून यायचा आहे, मी घरीच थांबते.

मार्थाबाई पट्ट्या घेऊन आल्या होत्या, सौ.च्या. मी म्हटलं, नका चिकटवू. ज्याला मराठी वाचायचं तो मराठी वाचेल, ज्याला गुजराती तो गुजराती.

तुम्ही आता निघा, ताई, मला बॉबीनवर जायचं आहे, दुपारची पाळी आहे. तुमचं भलं होवो, एवढा वेळ बसून ऐकलं. मला प्रार्थना येत नाही आता, गीत तं नाहीच येत. पण गाडी सुटल्यापासून मनात दोन गोष्टी म्हणू राहिले, माझ्या पोरीच्या हातून तिच्या बापाला गती मिळो, आणि ज्योतीचे पप्पा सुखरूप घरी येवोत. दोन्ही म्हणते. दोन्ही खरं म्हणते. त्याला जुळवता येत असेल तं जुळवू दे.